कोरियाचे पाकीट आणि कोरियाची वाटी

'कोरियन' हा शब्द आता मनोरच्या बाजारपेठेतही रुळला आहे. किराणा दुकानाच्या दारावर शांपूच्या पुड्यांच्या माळा असत, त्यांच्या शेजारी आता काळ्या-लाल रंगाची, ज्वाळांची चित्रे काढलेली नूडल्सची पाकिटे लोंबतात. हायवेलगतच्या चायनीजच्या गाड्यांनी आपल्या फलकावर दोन ओळी वाढवल्या आहेत. पालघर-बोईसरकडे बेकरीतल्या साध्या पावात चीज आणि लसूण भरला की तोही 'कोरियन' होतो आणि त्याची किंमत दुप्पट होते. मुलाला दाखवायला आलेले पालक तपासणी आटोपल्यावर दारापाशी थबकून विचारतात, "मॅडम, हे कोरियन खाणं चांगलं की वाईट?"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जात आहेत. एक आहे पाकीट आणि दुसरे आहे जेवण. पाकिटाविषयी माझे मत वाईट आहे, जेवणाविषयी बरेच चांगले आहे. आपले दुर्दैव असे की आपल्याकडे पाकीट पोहोचले, जेवण पोहोचले नाही.

आधी पाकिटाचा समाचार घेऊ. नववीतल्या एका मुलीला तिची आई दवाखान्यात घेऊन आली. पोटात आग, दोन उलट्या, डोळे रडून लाल. मैत्रिणींमध्ये पैज लागली होती: सर्वांत जहाल पाकीट पाणी न पिता कोण संपवते! ही पैज जिंकून बाईसाहेब माझ्यासमोर बसल्या होत्या. औषध दिले, दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेली. पण तिच्या आईने घरी जे उपाय केले ते सारे उलटे होते, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. आपल्या जिभेवर आणि आतड्याच्या अस्तरावर उष्णतेची जाणीव करून देणारी मज्जातंतूंची टोके असतात. गरम चहाने जी टोके चेतवली जातात तीच कॅप्सेसिनने चेतवली जातात. म्हणून मेंदूला भाजल्याचा निरोप जातो. प्रत्यक्षात कातडी भाजलेली नसते. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. घटाघटा पाणी प्यायल्याने ते फक्त तोंडभर पसरते. ते दुधातल्या स्निग्धांशात विरघळते आणि दुधातल्या प्रथिनांना चिकटते. म्हणून असा प्रसंग आला तर गार दूध, दही, घट्ट ताक किंवा चार घास नुसता भात द्यावा. बोटे डोळ्यांना लावू देऊ नयेत. उलट्या थांबत नसतील, उलटीत रक्त दिसले, किंवा श्वासाला त्रास होत असेल तर घरी बसू नये.

तिखटाने पोटात अल्सर होतो, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. जठरातल्या बहुतेक व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा मारा असतो. हा जंतू मार्शल आणि वॉरेन या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी शोधला आणि २००५ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ज्याचे जठर आधीच हुळहुळे आहे त्याला तिखट नक्की त्रास देते. शिवाय मात्रेला काही अर्थ आहे की नाही? डेन्मार्कच्या अन्न खात्याने जून २०२४ मध्ये एका प्रसिद्ध कोरियन कंपनीची तीन प्रकारची नूडल्स बाजारातून परत घ्यायला लावली. पाकिटातल्या कॅप्सेसिनचे एकूण प्रमाण मुलांना घातक ठरू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात फेरतपासणी करून दोन प्रकारांवरची बंदी उठवली, सर्वांत जहाल प्रकारावरची कायम ठेवली. आपली मुले त्यापेक्षा तिखट मिसळ खातात, असे कोणी म्हणेल. खातात, पण मिसळीबरोबर मटकी असते, पाव असतो, दही असते, आणि कोणी पैज लावून बसलेले नसते.

तरीही खरे सांगायचे तर तिखट ही माझी मुख्य तक्रार नाही. तिखट बोलते, ओरडते, आणि दुसऱ्या दिवशी निघून जाते. मुकाट्याने बसून राहते ते मीठ.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत पोषणाचा तक्ता असतो. त्यात 'सोडियम' हा शब्द शोधा. पुढचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे किती ग्रॅम मीठ ते कळेल. समजा आकडा १६०० आहे. मग ते झाले ४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात, सर्व जेवणे मिळून, ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मुलांना त्याहूनही कमी. कोरियन पद्धतीच्या अनेक पाकिटांत सोडियम १२०० ते १८०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असते. आकडा वाचताना एक मेख लक्षात ठेवा: तक्ता कधी १०० ग्रॅमचा असतो, कधी एका 'सर्व्हिंग'चा, आणि पाकीट असते १२० किंवा १४० ग्रॅमचे. म्हणजे गुणाकार आपणच करायचा. आपला भारतीय माणूस आधीच सरासरी आठेक ग्रॅम मीठ रोज खातो. त्यात ही भर.

तारापूर एमआयडीसीत रात्रपाळी करणारे एक गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येतात. वय चाळिशीच्या आत. गोळी चालू असूनही काही आठवडे दाब खाली येईना. गोळी घेता का, हो. दारू, नाही. तंबाखू, सोडली. शेवटी रात्री काय खाता असे विचारले, तेव्हा उत्तर आले की डबा सकाळपर्यंत विटतो म्हणून रात्री दोन वाजता किटलीतले गरम पाणी ओतून पाकीट खातो, कधी दोन, आणि खालचा रस्साही पितो, वाया कशाला घालवायचा! सगळे मीठ त्या रश्श्यात असते. पाकीट बंद करून भाकरी, सुकी भाजी आणि उकडलेले अंडे सुरू केले. गोळी तीच ठेवली. महिन्याभरात दाब आवाक्यात आला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मला कळते. पण मीठ आणि रक्तदाब यांचे नाते काही मी शोधून काढलेले नाही. ते वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात आहे.

ज्यांच्या नावाने हे पाकीट खपते त्या कोरियन लोकांनाही ही चूक महागात पडली आहे. दक्षिण कोरियात २०१० साली माणशी रोजचे सोडियम ४८०० मिलिग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे मीठ १२ ग्रॅम. सरकारने २०१२पासून मोहीम हाती घेतली. खानावळी, शाळांची स्वयंपाकघरे, कारखानदार, सगळ्यांना तीत ओढले. २०२०पर्यंत तो आकडा ३२००च्या जवळपास आला. अजूनही जास्तच आहे, पण दहा वर्षांत एक तृतीयांश घट ही लहान गोष्ट नव्हे. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण त्या देशात पूर्वीपासून मोठे. तो जंतू, खारवलेले पदार्थ आणि तंबाखू ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. म्हणून चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करण्याची सोय तिथल्या सरकारने केली आहे. मालिकेत नायिका पातेल्यातूनच नूडल्स ओरपते ते आपण पाहतो. तिचा बाप दर दोन वर्षांनी दुर्बीण गिळायला जातो, ते मालिकेत दाखवत नाहीत.

या पाकिटाचा जन्म कसा झाला तेही जाणून घेण्यासारखे आहे. झटपट नूडल्स जपानात १९५८ साली निघाली. कोरियात पहिले पाकीट १९६३ साली आले. तीन वर्षांच्या युद्धाने तो देश उद्ध्वस्त झाला होता. तांदूळ पुरत नव्हता, आणि अमेरिकन छावण्यांतले उरलेसुरले अन्न उकळून बाजारात विकले जात असे. त्यासाठी लोकांच्या रांगा लागत. त्या रांगा पाहून कारखानदाराने जपानी यंत्रे आणली, अशी हकीकत सांगतात. म्हणजे मुळात हे दुष्काळातले अन्न. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात सुकडी वाटली, तसे. भुकेल्या माणसाला त्याने जगवले आणि त्याबद्दल त्याचा मान ठेवलाच पाहिजे. पण सुकडी कोणी हौसेने, पोट भरलेले असताना, पैज लावून खाल्ल्याचे ऐकिवात नाही.

(जाता जाता: त्या युद्धात भारताने लढायला सैन्य पाठवले नव्हते, डॉक्टर पाठवले होते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही तुकडी १९५०च्या अखेरीस कोरियात उतरली आणि तिने सैनिकांबरोबरच हजारो नागरिकांवर उपचार केले. कोरियाशी आपली ओळख टीव्हीमुळे झाली असे समजणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.)

आता जेवणाकडे वळते. महाराष्ट्रात खरे कोरियन जेवण मिळण्याचे मोठे ठिकाण म्हणजे पुणे, आणि त्याला कारण आहेत कारखाने. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, त्याचा करार २०२३ साली झाला. या कंपन्यांबरोबर कोरियन अभियंते आणि त्यांची कुटुंबे आली. त्यांना घरचे जेवण हवे होते, म्हणून खानावळी निघाल्या. माझी मुलगी पुण्यात नोकरीला आहे. तिच्या हट्टापायी अशा एका ठिकाणी मी जेवून आले. डॉक्टरी चष्म्यातून काय दिसले ते सांगते.

बसल्याबरोबर, काही मागवायच्या आधीच, टेबलावर सहा-सात लहान वाट्या आल्या. एकीत मोड आलेली कडधान्ये तिळाच्या तेलात परतून, एकीत पालक नुसता उकडून पिळून लसूण लावलेला, एकीत मुळ्याचे आंबट काप, एकीत किमची, एकीत बटाटा, एकीत बारीक सुके मासे. यांना तिकडे बान्चान म्हणतात. संपल्या की पुन्हा भरून देतात, वेगळे पैसे नाहीत. भात माणशी एक लहान झाकणाची वाटी, आणि तो चमच्याने खायचा. पिण्यासाठी भाजलेल्या जवाचे कोमट पाणी. मग सोयाबीन आंबवून केलेल्या गोळ्याची आमटी, त्यात तोफू आणि दुधी भोपळ्यासारखी भाजी. मांस होते, ते टेबलावरच भाजतात. पण एक तुकडा, त्यावर लसणाची पाकळी, आणि सगळे लेट्यूसच्या मोठ्या पानात गुंडाळून एक घास. म्हणजे मांसाच्या एका घासाबरोबर पालेभाजी सक्तीची. तळण जवळजवळ नाही. गोड म्हणून शेवटी फळाची फोड.

मी मनात हिशेब केला. टेबलावरच्या पानाफुलांचे आणि कंदांचे वजन भाताच्या दुप्पट असेल. मधुमेहाच्या रुग्णाला मी वर्षानुवर्षे जे सांगते (भात निम्मा, भाज्या दुप्पट, कडधान्य रोज), ते इथे कोणी न सांगता मांडून ठेवले होते. विकसित देशांत लठ्ठपणाचे प्रमाण जपान आणि कोरियात सर्वांत कमी आहे. त्याला इतर कारणेही असतील, पण या वाट्यांचा वाटा नाकारता येणार नाही. दोष आहेतच. आमटी खारट होती, आणि सगळ्या वाट्यांचे मीठ मिळून बरेच होते. शाकाहारी वाचकांना एक इशारा: किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो, आणि नुसत्या भाजीच्या आमटीचे पाणीही सुक्या मासळीचे असू शकते. विचारून खावे. कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर आवर्जून विचारावे. बिल पाहिल्यावर मात्र असे वाटले की एवढ्या पैशांत मनोरला आठवडाभराची भाजी आली असती.

आणि तिथेच खरी गोष्ट आहे. आठवडाभराची भाजी येते, पण ताटात पडते का? आपल्या ताटातही डावी-उजवी बाजू होती. चटणी, कोशिंबीर, लोणचे, उसळ, पालेभाजी. ती वाट्यांचीच पद्धत. आता सोमवार ते शनिवार डाळ-भात आणि बटाटा, एवढ्यावर ताट आटोपते. पावसाळ्यात आपल्या भागातल्या आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, लोत, बांबूचे कोंब घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. शहरातून गाडीने येणारे लोक थांबून विकत घेतात. आपण मात्र 'हे निवडत कोण बसणार' म्हणून पुढे जातो. आणि घरातली मुलगी हट्ट करते ती पाकिटाचा.

या मुलींविषयी मला काळजी वाटते ती वेगळीच. टीव्हीवरच्या आणि मोबाइलवरच्या कोरियन मुली काडीसारख्या. तसे दिसायचे म्हणून सकाळचा नाश्ता बंद, डबा अर्धा परत, आणि संध्याकाळी भूक अनावर झाली की वीस-पन्नास रुपयांचे पाकीट. त्यात मैदा, पामतेल, मीठ. लोह जवळजवळ नाही, प्रथिने बेताची. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय आढळला. माझ्या दवाखान्यात पापणी खाली ओढून पाहिली की पांढरीफटक निघणाऱ्या शाळकरी मुली रोज येतात. पाळी सुरू झालेल्या, उंची वाढणाऱ्या मुलीच्या एका वेळच्या जेवणाची जागा जेव्हा पाकीट घेते तेव्हा ते नुसते 'बाहेरचे खाणे' राहत नाही. त्याच पैशांत दोन अंडी आणि मूठभर शेंगदाणे येतात. आश्रमशाळेतल्या किंवा वसतिगृहातल्या मुलीला तर हातखर्चाचे तेवढेच पैसे असतात. ती काय विकत घेते याला फार महत्त्व आहे.

मोबाइलवर एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसून पातेलेभर खातो आणि लाखो लोक ते पाहतात, असा प्रकारही तिकडूनच आला. त्याला मुकबांग म्हणतात. खुद्द कोरियाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली लठ्ठपणाविरोधी आराखड्यात अशा चित्रफितींसाठी मार्गदर्शक सूचना करण्याचा विचार मांडला होता, तेव्हा तिकडे बरीच ओरड झाली. आपल्याकडे मंत्रालयाची वाट पाहू नये. जेवताना मोबाइल बंद, एवढा नियम घरात आईबापांनी आधी स्वतःला लावावा.

पाकीट घरात आणूच नका, असे मी सांगत नाही. ज्या वस्तूला बंदी केली तिची गोडी वाढते. महिन्यातून एकदोनदा आणा, पण मसाल्याची पुडी निम्मीच टाका, उरलेली फेकून द्या. पहिल्या उकळीचे पाणी ओतून टाका. त्यात कोबी, गाजर, मोडाचे मूग आणि माणशी एक अंडे घाला. रस्सा प्यायचा नाही. कोरडे पाकीट चुरून, वर सगळी पुडी भुरभुरून खाण्याची मुलांची जी सवय आहे ती मात्र मोडायलाच हवी. त्यात मिठाचा कणही सुटत नाही. शाळेजवळच्या दुकानदारांना एवढीच विनंती आहे की 'सर्वांत जहाल' प्रकार लहान मुलांच्या हाती देऊ नका. धंदा बाकीच्या मालावर होतोच.

त्यापेक्षा मुलांच्या कोरियन वेडाचा फायदा घ्या. बिबिम्बाप नावाचा त्यांचा पदार्थ म्हणजे भातावर चार-पाच भाज्या वेगवेगळ्या मांडून, वर अंडे घालून, थोडी तिखट चटणी लावून कालवलेला भात. वाडा कोलमचा एक वाटी भात घ्या. त्यावर परतलेला टाकळा किंवा माठ, गाजराचा कीस, काकडी, मोडाची मटकी, एक अंडे. चटणीसाठी ब्याडगी मिरची, लसूण, भाजलेले तीळ, चिमूटभर गूळ आणि लिंबू वाटा. जी मुलगी माठाला नाक मुरडते ती याच माठाचे फोटो काढून मैत्रिणींना पाठवते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

किमचीविषयी हल्ली फार अद्भुत गोष्टी ऐकू येतात. ती वजन उतरवते, साखर उतरवते, कर्करोग पळवते. असे काही सिद्ध झालेले नाही. उलट आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या-आंबवलेल्या भाज्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९३ साली 'कदाचित कर्करोगकारक' अशा गटात टाकले आहे. या गटाचा अर्थ एवढाच की संशयाला जागा आहे, खात्री नाही. म्हणजे किमची अमृतही नाही आणि विषही नाही. ती एक चांगली आंबवलेली भाजी आहे, आपल्या खारातल्या मिरच्या-आवळ्यांच्या नात्यातली. हिवाळ्याआधी सगळ्या शेजारणींनी मिळून ती घालायची तिकडची रीत २०१३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आपल्याकडे पापड-लोणच्याला शेजारणी जमत, तशीच.

घरी करायची तर मी प्रमाण सांगते, कारण मीठ मोजलेले असावे असा माझा आग्रह आहे. एक किलो भाजी घ्या: कोबी मुख्य, थोडा मुळा, गाजर आणि पातीचा कांदा. कोबीची वरची पाने काढून टाका, प्रत्येक पान सुटे करून वाहत्या पाण्यात धुवा, शेवटचे पाणी उकळून गार केलेले असू द्या. भाजी मोठी चिरून २० ते २५ ग्रॅम मीठ लावून चांगली चोळा. दोन तासांत पाणी सुटेल. ते फेकू नका. एक मोठा चमचा तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करा, तिच्यात आले, लसूण आणि ब्याडगीचे तिखट कालवा. मासे खाणाऱ्यांनी सातपाटीचा सुका जवळा धुऊन, भाजून मूठभर घालावा. कोरियन बायका खारवलेली बारीक कोळंबी घालतात, तिची ही सख्खी बहीण. मात्र जवळा खारवलेला असेल तर मीठ तेवढे कमी करा. सगळे कालवून काचेच्या बरणीत दाबून भरा, वर चार बोटे जागा ठेवा. भाजी आपल्या पाण्याखाली बुडालेली असली पाहिजे. झाकण घट्ट आवळू नका, आत वायू तयार होतो. थंडीत दोन दिवस, मे महिन्यात एकच दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये. वीज गेली म्हणून घाबरू नका, ती फक्त लवकर आंबट होईल. फार आंबट झाली तर कोरियन लोक तिची आमटी करतात, आपणही करावी. बुरशी आली, चिकट तार सुटली किंवा घाण वास आला तर मात्र सगळी बरणी फेकून द्यावी, वरचा थर काढून खाऊ नये.

अशा किमचीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण दोन ग्रॅम मीठ असते. आपले आंब्याचे लोणचे याहून कितीतरी खारट. पण त्याची आपण एक फोड खातो आणि किमची वाटीभर. तेव्हा दोन मोठे चमचे, आणि त्या दिवशी लोणचे-पापड नाही. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदय कमजोर असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या अचानक खूप वाढवू नयेत, गोळीचे माप बिघडते.

समुद्री शेवाळाच्या काळ्या पट्ट्यांची पाकिटेही मोठ्या शहरांतून आपल्याकडे येऊ लागली आहेत. कोरियात बाळंतिणीला शेवाळाचे सार देतात, आपण डिंकाचे आणि अळिवाचे लाडू देतो तसे. पण शेवाळात आयोडीन भरपूर असते, काही जातींत तर फारच. थायरॉइडच्या रुग्णांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते हौस म्हणून रोज खाऊ नये. अळिवाचा लाडू लोह देतो आणि तो घरात करता येतो.

पावसाळ्यात कच्च्या कोबीपासून दूरच राहावे. त्या दिवसांत आपल्याकडे कावीळ आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात, आणि कोबीच्या पानांच्या चुण्यांत फितीसारख्या कृमींची अंडी अडकून राहतात; नुसत्या मिठाने ती मरत नाहीत. बरणी घालायचीच असेल तर दिवाळी झाल्यावर घाला. कोबी तेव्हा स्वस्तही असतो.